केळीचा कंटेनर परक्या बंदरात अडू नये म्हणून

आखातातला व्यापारी रावेर-यावलच्या केळीचा भाव मोबाइलवर ठरवतो, पण कंटेनर आत घ्यायचा की नाही हे त्याचं सरकार ठरवतं. आपल्या मातीत कुठली कीड येऊ द्यायची नाही, हे सांगण्याचा प्रत्येक देशाचा हक्क जागतिक व्यापार संघटनेच्या १९९५च्या करारानेही मान्य केला आहे. नियमाला शास्त्रीय आधार मात्र हवा. म्हणून घड उतरवण्याआधी खरेदीदाराकडून त्याच्या देशाच्या आयात अटी लेखी मागवा.

इकडची कागदं सोपी आहेत. डीजीएफटीच्या, म्हणजे केंद्राच्या विदेश व्यापार महासंचालनालयाच्या पोर्टलवर आयईसी कोड, म्हणजे आयात-निर्यातदाराचा नंबर, ५०० रुपयांत मिळतो. दरवर्षी एप्रिल ते जूनमध्ये तो अपडेट करा, नाहीतर बंद पडतो. अपेडाची, म्हणजे शेतमाल निर्यातीच्या केंद्रीय संस्थेची नोंदणी आणि बंदरावर बँकेचा एडी कोड, म्हणजे परकीय चलनाचे व्यवहार करणाऱ्या बँकेचा नंबरही लागतो.

खरी गाठ फायटोशी, म्हणजे मालात कीड-रोग नाही असं सांगणाऱ्या सरकारी वनस्पती आरोग्य प्रमाणपत्राशी. अर्ज १,५४० खोक्यांचा केला आणि चार ओली खोकी ऐनवेळी काढली, तर कागद एक सांगतो आणि कंटेनर दुसरं. तिकडचा अधिकारी एवढ्यावरही माल थांबवू शकतो, आणि त्याच्यापुढे इथल्या ओळखी चालत नाहीत. खोकी मोजून भरा, मगच आकडा पक्का करा. खरेदीदाराचं नाव, कंटेनर नंबर, त्या देशाने किडीबद्दल प्रमाणपत्रावर मागितलेलं जादा निवेदन, सगळं अक्षर न् अक्षर जुळवा. प्रमाणपत्र जहाज सुटण्याआधीच हातात हवं.

खोकी रचायच्या लाकडी पॅलेटचंही तसंच. आतली कीड मरावी म्हणून लाकडाच्या गाभ्यापर्यंत ५६ अंशांवर सलग ३० मिनिटं उष्णता दिल्याचा, गव्हाच्या ओंबीचा शिक्का बघून घ्या. फळी बदलली असेल, तर तीही प्रक्रिया केलेलीच हवी.

कंटेनरचं तापमान १३ ते १४ अंश ठेवा. त्याखाली गेलं की सालीखालच्या शिरा तपकिरी होतात आणि फळ पिकताना राखाडी पडतं. डिसेंबर-जानेवारीत आपल्याकडे हे चिलिंग, म्हणजे थंडीची इजा, बागेतच होतं, त्यामुळे थंडीतला घड नखाने साल खरवडून तपासा. एकही पिवळं फळ आत जाऊ देऊ नका. त्यातून सुटणाऱ्या इथिलीन या पिकवणाऱ्या वायूने शेजारची खोकी वाटेतच पिकतात.

माल नाकारला गेला, तर परत आणणे, तिथेच नष्ट करणे किंवा दुसऱ्या देशात वळवणे, एवढेच मार्ग उरतात. तो खर्च कोणाचा, हे सौद्याच्या कागदावर आधीच लिहून घ्या. नाकारल्याचं कारणही लेखी मागा. ते हातात असलं, तरच आपला वनस्पती संगरोध (क्वारंटाइन) विभाग त्या देशाशी बोलू शकतो.