शेतकऱ्याचे दोन तुकडे

तालुक्याच्या गावी फ्लेक्सच्या दुकानात डिझायनिंगला बसणार असाल, तर लेअर, मास्क, सीएमवायके शिकूनच आला असाल. त्यावर बोलत नाही. मी फसलो ते फॉन्टच्या मेनूत.

फोटोशॉपात फॉन्टच्या नावाशेजारी छोटा नमुना दिसतो. माझ्याकडे तो बहुतेक इंग्रजी अक्षरांतच दिसायचा. वळण आवडलं की मी फॉन्ट उचलायचो. आता बघा, श्रीलिपीसारख्या जुन्या फॉन्टांत इंग्रजी कळांच्या जागी मराठी अक्षरं बसवलेली असतात, म्हणून नमुन्यात अगम्य का होईना, देवनागरी दिसते. नवख्याला वाटतं, सापडला मराठी फॉन्ट! पण गिऱ्हाइकाचा मजकूर व्हॉट्सॲपवरून येतो, म्हणजे युनिकोडात, मोबाईल-संगणकात सगळीकडे चालणाऱ्या अक्षरांच्या एकाच सांकेतिक पद्धतीत. तो त्या फॉन्टात बसतच नाही.

माझा घात मात्र युनिकोड फॉन्टनंच केला. पोळ्याचा दहा बाय पाचचा बॅनर होता, 'समस्त शेतकऱ्यांना' मोठ्या अक्षरात. नमुना झकास, देवनागरीही होती. पण त्या फॉन्टात मराठीचा आडवा रफार, 'ऱ्या'तला, तोच नव्हता. 'र'खाली टिंब, त्याखाली पाय मोडलेला, मग सुटा 'या'. रात्री अकराला प्रिंटला टाकलं. सकाळी गिऱ्हाईक काका आले, म्हणाले, "काबे पोट्ट्या, शेतकऱ्याचे दोन तुकडे कायले केले?" पैसे माझ्या पगारातून कापले गेले.

मालक म्हणायचे, "टाक ना बे, दुरून कोण पाह्यते?" असा उस्ताद मिळाला तर हात शिकून घ्या, नजर शिकू नका. आणि पेनड्राइव्हवरचा 'पाच हजार फॉन्ट'चा गठ्ठा तर घेऊच नका. मेनू रांगायला लागतो आणि कामाचे दहाच निघतात.

घाबरू नका, उपाय पाच मिनिटांचा आहे. कॅनव्हासवर एक ओळ टाका: 'वऱ्हाडी शेतकऱ्याची कुऱ्हाड, ॲड. ज्ञानेश्वर, ट्रॅक्टर, द्वारका, १२३'. लेअर निवडा, फॉन्टच्या नावावर क्लिक करा आणि बाणाच्या कळीनं खाली जात राहा. ओळ तिथल्या तिथे बदलते. 'ॲ'कडे खास बघा. तो युनिकोडात 2008 साली आला, जुन्या फॉन्टांत नसतो. आणि आपल्याकडे दर चौथ्या बॅनरवर एक वकील असतोच. पास झालेल्या फॉन्टाला मेनूतच चांदणी लावा. माझ्या यादीत मुक्ता आणि बालू पहिले. सगळ्याच फॉन्टांत जोडाक्षरं फुटत असतील तर दोष फॉन्टाचा नाही, फोटोशॉप जुनं असेल तर प्रेफरन्सेसमधलं टेक्स्ट इंजिन, म्हणजे अक्षरं जोडणारी यंत्रणा, तपासा. जुना संगणक अडकत असेल तर टाईप मेनूत 'फॉन्ट प्रीव्ह्यू साईझ' सरळ 'नन' (None) करा, म्हणजे नमुना बंद. नमुना गेल्यानं माझं तर काहीच अडलं नाही.

तो फ्लेक्स अजून आमच्या कुटाराच्या ढिगावर आहे. पावसात कामी येतो.