आण्णांची वाईनबाग पुन्हा धरली, त्याची गोष्ट

राज्याचं द्राक्ष प्रक्रिया धोरण २००१ साली आलं, त्यानंतर आण्णांनी जालन्याजवळ शिराज ही वाईनची द्राक्षं लावली आणि छोटी वायनरी टाकली. दुष्काळ, मग आण्णांचं आजारपण. बाग सहा वर्षं तशीच पडून.

मी परत आलो तेव्हा वेली हिरव्यागार. गडी म्हणाला, "दादा, बाग जित्ती हाय की!" मीही भुललो. घड मात्र एकही नाही. खाली वाकून जोड, म्हणजे खुंटावर शिराजचं कलम बांधलेली जागा, पाहिला तेव्हा कळलं, फूट जवळजवळ सगळी जोडाखालची. म्हणजे शिराज नाही, कलमाखालचा डॉगरिज जातीचा रानटी खुंट माजलेला. पानंही गोलसर, बिनखाचांची. सहा वर्षं खुंटच पोसला म्हणायचं!

थंडी ओसरल्यावर जोडाखालची फूट बुडातून काढली आणि जोडाच्या वर वीतभर खोड ठेवून रिकट घेतला, म्हणजे वरचं सगळं छाटून टाकलं. कापावर बुरशी लागू नये म्हणून मोरचूद-चुन्याची बोर्डो पेस्ट लावली. फुटींतली एकच जोमदार ठेवून बांबूला सुतळीनं बांधली, तारेपर्यंत नेली, मग शेंडा मारून ओलांडे, म्हणजे तारेवर पसरणारे आडवे फाटे, तयार केले. खोडकिडीनं पोखरलेली झाडं सरळ उपटली. ठिबकच्या नळ्या क्षारांनी चोंदलेल्या, त्या अॅसिडनं धुतल्या. शेततळं जालना जिल्ह्यातल्या कडवंची गावात पाहून आलो होतो, तसंच खोदलं.

ओकची पिपं व्हिनेगरसारखी आंबट मारत होती. गंधकाची धुरी देऊन पाहिली, व्यर्थ. शेवटी मोडीतच काढली, स्टीलची टाकी घेतली.

यंदा पहिला तोडा, साखर मोजायच्या रिफ्रॅक्टोमीटरवर २३ ब्रिक्स, म्हणजे रसात साधारण २३ टक्के साखर. आण्णांनी एक मणी चावला, बी थुंकलं, म्हणाले, "अजून दोन दिस थांब."