जुनी डिझेल जीप सुरू होऊन बंद पडत असेल तर: माझा अनुभव

स्वस्तात घेतलेली जुनी फोर-व्हील ड्राइव्ह डिझेल जीप सुरू होई आणि दोन-तीन मिनिटांत गचके देऊन बंद पडे. फिल्टर बदलला, टाकी धुतली, टाकीतून डिझेल ओढणारा फीड पंपही नवा बसवला. दोन महिने वाया गेल्याचे फार वाईट वाटले.

अखेर फीड पंपाच्या आधी पारदर्शक नळी जोडली, तेव्हा डिझेलबरोबर बुडबुडे येताना दिसले. टाकीपासून पंपापर्यंत ओढ असल्यामुळे चिरलेल्या नळीतून डिझेल गळण्याऐवजी हवा आत शिरते आणि इंजिन बंद पडते, म्हणूनच खाली थेंबही पडत नव्हता. टाकीजवळची, नेमकी क्लिपखाली चिरलेली रबरी नळी आणि तांब्याचे वॉशर बदलले. मग आत अडकलेली हवा काढण्यासाठी फिल्टरवरचा एअर स्क्रू सैल करून, बुडबुडे थांबेपर्यंत डिझेल पुढे ढकलणारा छोटा हातपंप मारला, तो मारत असतानाच स्क्रू आवळला, आणि नंतर इंजिनाला दाबाने डिझेल पुरवणाऱ्या इंजेक्शन पंपावरही तसेच केले. तिसऱ्यांदा स्टार्टर मारताच जीप सुरू झाली आणि तासभर चालूच राहिली.