झोप येत नाही? आधी अंथरुणातला वेळ कमी करा

"मॅडम, रात्रभर डोळ्याला डोळा लागत नाही. एखादी चांगली गोळी लिहून द्या." तासगाव तालुक्यातल्या माझ्या दवाखान्यात हे वाक्य कायम ऐकायला मिळतं. गोळीआधी काय करायचं, ते इथे क्रमाने सांगते. कोमट दूध प्या, तळपायाला तेल चोळा, मोबाईल लांब ठेवा या सल्ल्यांचा मला आता राग येतो. त्या सवयी वाईट नाहीत, पण ज्याची झोप सहा-सहा महिने उडालेली आहे त्याला तेवढ्याने झोप येत नाही. मग "सगळं करून बघितलं" म्हणत तो मेडिकलच्या काउंटरवर जातो.

आधी हा निद्रानाशच आहे का ते ठरवा. निवांत जागा आणि पुरेसा वेळ असूनही झोप लागत नाही, मध्येच मोडते किंवा फार लवकर उघडते, त्यामुळे दिवस खराब जातो, आणि हे आठवड्यातून किमान ३ रात्री, ३ महिने चाललंय, तर तो जुनाट निद्रानाश. शेतीपंपाची लाईट रात्री येते म्हणून बाराला उठून बागेला पाणी द्यायला जाणाऱ्याला निद्रानाश नसतो, त्याला झोपायला वेळच मिळत नाही.

मग वही. किती वाजता आडवं झालात, अंदाजे कधी झोप लागली, कितीदा जाग आली, कधी उठलात, दुपारी किती झोपलात हे २ आठवडे सकाळी उठल्यावर लिहा. रात्री घड्याळ बघून लिहू नका.

वही घेऊन डॉक्टरांकडे जा, आणि त्यांनी विचारलं नाही तरी या गोष्टी सांगा. मोठ्याने घोरता का, घोरता घोरता श्वास अडकतो का (हे घरच्यांना विचारा). संध्याकाळी पाय वळवळतात, हलवल्याशिवाय चैन पडत नाही, असं होतं का. त्यामागे बऱ्याचदा लोहाची कमतरता असते. रात्री लघवीला किती वेळा उठता. स्टिरॉइड, दम्याची गोळी किंवा संध्याकाळी लघवीची गोळी चालू आहे का. दारू घेता का. तिने झोप लवकर लागते, पण उत्तररात्री मोडते. आणि मिश्री. एक मावशी वर्षभर माझ्याकडे येत होत्या. चहा सोडला, दुपारची झोप सोडली, तरी फरक नाही. एकदा बोलता बोलता त्यांनी कमरेची डबी काढली आणि बोटाने मिश्री लावायला लागल्या. म्हणाल्या, "जेवून एकदा, आन निजताना एकदा." मिश्री म्हणजे भाजलेली तंबाखू, आणि निकोटीन माणसाला जागं ठेवतं. तेव्हापासून मी प्रत्येक बाईला मिश्रीचं थेट विचारते.

पहाटे तीनला जाग येते, मन कशातच लागत नाही, जगणं नको वाटतं, असं असेल तर तेही स्पष्ट बोला. तिथे आधी नैराश्याचा उपचार करायचा असतो. टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांक केव्हाही लागतो, फोनला पैसे पडत नाहीत.

आता अवघड भाग. झोप नाही म्हटल्यावर माणूस लवकर आडवा होतो आणि उशिरापर्यंत लोळतो. त्याने झोप वाढत नाही, पातळ होते, आणि अंथरूण म्हणजे तळमळायची जागा हे मनात पक्कं बसतं. उपाय उलटा आहे. झोपेवर काम करणारे अमेरिकन मानसशास्त्रज्ञ आर्थर स्पीलमन आणि सहकाऱ्यांनी १९८७ साली तो मांडला: जेवढी झोप लागते तेवढाच वेळ अंथरुणात राहायचं. समजा तुम्ही नऊला आडवे होता, पाचला उठता, आणि वहीप्रमाणे खरी झोप साडेपाच तास आहे. पहाटे पाचला धार काढायची तर उठायची वेळ पाच, रविवारीही पाच. तिथून साडेपाच तास मागे मोजा. साडेअकराआधी अंथरुणाला पाठ लावायची नाही, दुपारी झोपायचं नाही.

"आधीच झोप न्हाई, आन तुम्ही आनखी जागं ऱ्हावा म्हंता?" हे प्रत्येक जण विचारतो. पहिला आठवडा खरंच वाईट जातो आणि बहुतेक जण तिथेच सोडतात. म्हणून मी घरातल्या एकाला सोबत बोलावते आणि दोघांसमोर वेळा कागदावर लिहून देते. पंधरा-वीस मिनिटं झोप लागली नाही असं वाटलं तर उठा, सोप्यात मंद उजेडात बसा, पेंग आली की परत या. आठवडाभर साडेपाचपैकी सरासरी पावणेपाच तास झोप लागली, म्हणजे ८५ टक्के जमलं, की १५ मिनिटं आधी आडवं व्हा. दर आठवड्याला एवढंच वाढवा. घाई केली की गाडी मागे येते.

पाच तासांच्या खाली कधीच जाऊ नका. फिट येणाऱ्यांनी किंवा अति-उत्साहाचे झटके येणाऱ्यांनी हा उपाय स्वतःहून करू नये. घोरताना श्वास अडकणाऱ्यांनी आधी झोपेची तपासणी करून घ्यावी. ड्रायव्हरांबद्दलचा धडा मी चुकीतून शिकले. सुरुवातीच्या काळात एकाला काम न विचारताच वेळ कमी करून दिला. तो उसाचा ट्रॅक्टर चालवत होता. चौथ्या दिवशी पहाटे डुलकी लागली आणि दोन ट्रॉल्यांसकट ट्रॅक्टर चारीत गेला. तो वाचला. पण मला आजही तो दिवस आठवला की पोटात गोळा येतो. गाडी किंवा यंत्र चालवणाऱ्यांना आता मी हंगाम संपल्यावरच हे सुरू करायला सांगते.

अमेरिकन कॉलेज ऑफ फिजिशियन्स या तिकडच्या डॉक्टरांच्या संघटनेने २०१६ साली प्रौढांच्या जुनाट निद्रानाशावर पहिला उपचार म्हणून वर्तनोपचार सुचवला, अंथरुणातला वेळ कमी करणं हा त्याचाच एक भाग. गोळीचा विचार त्यानंतर, तोही थोड्या दिवसांसाठी. अल्प्राझोलाम आणि झोल्पिडेम या झोपेसाठी दिल्या जाणाऱ्या गोळ्या शेड्यूल एच-१ या कडक नियमांच्या औषध यादीत आहेत, चिठ्ठीशिवाय देता येत नाहीत. म्हाताऱ्या माणसाला अशी गोळी देऊन रात्री लघवीला उठू देणं म्हणजे खुब्याचं हाड मोडायला बोलावणं.

वर्षानुवर्षं गोळी घेणाऱ्यांनी मात्र ती एका दिवसात बंद करू नये, फिट येऊ शकते. वेळापत्रक बसलं की डॉक्टरांना विचारून दर दोन आठवड्यांनी साधारण पाव हिस्सा कमी करा. शेवटची अर्धी-पाव गोळी सोडायला सगळ्यात जास्त वेळ लागतो, तो घ्या. त्या दिवसांत वही पुन्हा सुरू करा आणि दर खेपेला सोबत आणा.