मृगाच्या तोंडावर परसात अनोळखी पक्षी आढळल्यास : कोकणातील शेतकरी व बागायतदारांसाठी सल्ला

मृग नक्षत्राच्या सुमारास, भाताची पेरणी उरकण्याच्या धांदलीत, पडवीत, खळ्यात किंवा माडाच्या आळ्यात पूर्वी कधी न पाहिलेला पक्षी निपचित बसलेला आढळतो. हा रोपे खाणारा आहे का आणि तो रोगाने पडला आहे का, असे दोन प्रश्न अशा वेळी शेतकऱ्याच्या मनात येतात. पक्ष्याला हात लावण्यापूर्वी चार-पाच हातांवरून त्याला नीट न्याहाळल्यास दोन्हींची उत्तरे बहुतेक वेळा मिळतात.

प्रथम आकार ठरवावा आणि तो ओळखीच्या पक्ष्याशी ताडून पाहावा : चिमणीएवढा, साळुंकीएवढा, कावळ्याएवढा की घारीएवढा. त्यानंतर चोच पाहावी, कारण पक्षी काय खातो हे चोच सांगते. आखूड व जाड चोच दाणे फोडणाऱ्याची, आकडीसारखी वळलेली मांसभक्षकाची आणि लांब, सरळ, टोकदार चोच बहुधा मासे टिपणाऱ्याची असते. मग पाय, शेपटीची लांबी आणि बसण्याची ढब पाहावी. रंगाकडे सर्वांत शेवटी वळावे, कारण भिजलेला पक्षी काळपट दिसतो आणि रंगावरूनच सर्वाधिक फसगत होते. गावातील नावावरही एकदम विसंबू नये. दक्षिण कोकणात कित्येक गावांत धनेशालाच गरुड म्हणतात. मोबाइलवर एक फोटो समोरून आणि एक बाजूने काढून ठेवावा. मर्लिनसारखे मोफत ॲप फोटोवरून नाव सुचवते, पण ती सूचनाच समजावी.

या दिवसांत सापडणाऱ्या पाहुण्यांत नवरंग नेहमीचा. तो साळुंकीपेक्षा किंचित लहान, शेपूट अगदी आखूड, पाठ हिरवी, पंखावर निळा डाग, डोळ्यावरून काळा पट्टा आणि शेपटीखाली लालभडक रंग असा असतो. दक्षिणेकडून रात्री प्रवास करत तो पावसाबरोबर येथे विणीसाठी येतो आणि दमून किंवा खिडकीच्या काचेवर आपटून खाली पडतो. तो बागेतील पालापाचोळा उलटून किडे व गांडुळे खातो, रोपांना त्याचा काहीही उपद्रव नाही. त्याचे घरटे जमिनीवर किंवा ठेंगण्या फांदीवर काटक्यांच्या गोळ्यासारखे असते, म्हणून करवंदीच्या जाळ्या तोडण्याआधी आत पाहावे.

दुसरा तिबोटी खंड्या. तो चिमणीहूनही लहान असून त्याची पोवळ्यासारखी लाल चोच अंगाच्या मानाने मोठी असते, पोट पिवळे, पाठ गडद निळी आणि पायाला चारऐवजी तीनच बोटे असतात. पऱ्याच्या किंवा व्हाळाच्या काठच्या मातीच्या उभ्या कापात तो बीळ खणून पिल्ले वाढवतो. ते बीळ उंदराचे समजून चिखलाने बुजवण्याची चूक हमखास होते. पावसाळ्यात दरडीच्या उभ्या भागात दोन-अडीच बोटे रुंदीचे गोल भोक दिसल्यास तेवढा भाग सोडून द्यावा. बांधाची डागडुजी तळाच्या बाजूने करता येते.

वादळी वाऱ्यानंतर किनाऱ्यालगतच्या गावांत खोल समुद्रावरचे पक्षीही पडतात. खंजिरासारखी चोच असलेला बदकाहून मोठा पक्षी बूबी असू शकतो. तो सपाट जमिनीवरून सहज उडू शकत नाही, म्हणून त्याला हवेत फेकू नये किंवा लाटांत सोडू नये. पकडावा लागलाच तर अंगावर टॉवेल टाकून पकडावा आणि चेहरा लांब ठेवावा, कारण तो डोळ्यांवर चोच मारतो.

रोपवाटिकेभोवती जुने मासेमारीचे जाळे लावण्याची पद्धत असल्याने काही पक्षी त्यात अडकतात. पक्षी ओढून काढू नये, कात्रीने एकेक धागा कापून सोडवावा. दमलेल्या पक्ष्याला भोके पाडलेल्या पुठ्ठ्याच्या खोक्यात, आत कोरडे फडके घालून, अंधारात व शांत जागी ठेवावे. चोचीत पाणी ओतू नये, दूधभात तर मुळीच देऊ नये. चांगल्या मनाने पाजलेले पाणी श्वासनलिकेत जाऊन पक्षी दगावतो. तासा-दोन तासांत तरतरीत झालेला पक्षी कावळ्यांच्या नजरेपासून दूर, जवळच्या झाडोऱ्यात सोडावा. तसे न झाल्यास वनविभागाच्या १९२६ या क्रमांकावर कळवावे. असा पक्षी घरी पाळणे हा १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यान्वये गुन्हा ठरतो.

एकाच वेळी अनेक कावळे किंवा कोंबड्या मेलेल्या दिसल्यास मात्र वरील काहीही करू नये. जानेवारी २०२१ मध्ये दापोलीत मेलेल्या कावळ्यांमध्ये बर्ड फ्लू आढळला होता. मेलेल्या पक्ष्यांना हात न लावता नजीकच्या पशुवैद्यकीय दवाखान्यास कळवावे आणि घरच्या कोंबड्या खुराड्यात बंद ठेवाव्यात.

माळ्यावर फुत्कार टाकणारे, पांढऱ्या हृदयाकृती चेहऱ्याचे पिल्लू सापडले की गरुडाचे पिल्लू म्हणून त्याचे फोटो गावभर फिरतात. बहुतेकदा ते गव्हाणी घुबडाचे असते. त्याला तेथेच राहू द्यावे, त्याचे आईबाप रात्रभर उंदीर मारून आणतात. त्या काळात खाचरात किंवा माडांखाली ब्रोमाडिओलोनसारखे उंदरांचे विष टाकू नये, कारण विष खाल्लेला उंदीर पोटात गेला की घुबडही मरते.