पावसाळ्यात घराला ओल धरते ती कुठून? या चुका टाळा

हवामान खात्याच्या सरासरीप्रमाणे मुंबईत मोसमी पाऊस ११ जूनच्या सुमारास पोचतो आणि ८ ऑक्टोबरच्या आसपास परततो. म्हणजे जवळजवळ चार महिने. पहिला आठवडा मजेचा असतो. उकाडा संपलेला, मातीचा वास, दुपारच्या चहाबरोबर कांदाभजी. तिसऱ्या आठवड्यात पापड चिवट होतात, मीठ पाघळतं, कपाट उघडलं की कुबट वास येतो, आणि मग बिल्डरच्या नावाने बोटं मोडणं सुरू होतं. (पुष्कळदा त्याचा दोष असतोही.) पण घरातली बरीचशी ओल भिंतीतून झिरपत नाही. ती हवेत असते, आणि आपल्या सवयींमुळे वस्तूंवर येऊन बसते.

एक आकडा ध्यानात ठेवला की पुढचं सगळं सोपं जातं. जुलैत मुंबई, कोकण, गोव्याकडच्या हवेचा दवबिंदू २४-२५ अंशांच्या आसपास असतो. त्याहून थंड असलेल्या कोणत्याही पृष्ठभागावर पाणी सुटणारच, मग ती फ्रिजमधली बाटली असो, एसीच्या खोलीची भिंत असो की फ्रीजरमधून काढलेली रव्याची पिशवी. देशावर आणि विदर्भात हा आकडा थोडा खाली असतो, नियम तोच.

साठवणीचं धान्य तापलेलं असतानाच डब्यात भरणं

मे महिन्यात गच्चीवर गहू, डाळी वाळवायच्या आणि संध्याकाळी घाईने डब्यात भरायच्या, ही सर्रास होणारी चूक. उन्हातला गहू चांगलाच तापलेला असतो. रात्री डब्याचं झाकण आधी गार होतं, धान्यातून सुटणारी वाफ झाकणाच्या आतल्या बाजूला थेंब होऊन बसते आणि वरचा थर पुन्हा ओला होतो. जाळी आणि बुरशी नेमकी तिथेच धरते. वाळवलेलं धान्य रात्रभर घरात पसरून पूर्ण गार होऊ द्या, सकाळी भरा. डबा तोंडापर्यंत भरा, कारण रिकामी जागा जितकी जास्त तितकी दमट हवा आत जास्त.

वाळवताना थर बोटभरापेक्षा जाड नको आणि दर तासा-दोन तासांनी हात फिरवायला हवा. मात्र तांदूळ कडक उन्हात घालू नका. दाणा चिरतो आणि भात शिजताना कण्या होतात. तांदळाला सावली आणि वारा पुरतो.

चाळून सोंडे गेले म्हणजे कीड गेली असं नाही. सोंड्याची मादी दाण्याला भोक पाडून आत अंडं घालते आणि ते भोक बुजवून टाकते. अळी दाण्याच्या आतच वाढते, म्हणून चाळणीला ती सापडत नाही. मूग, चवळी, हरभरा अशा अख्ख्या कडधान्यांवर पांढरे ठिपके दिसले तर ती भुंगेऱ्याची अंडी समजा. डाळींना आणि कडधान्यांना एरंडेल चोळण्याची जुनी रीत उपयोगी आहे. १० किलोला साधारण ५० मिली घ्या, तळहाताला लावून चोळा, दाणा नुसता चमकला पाहिजे. कडुनिंबाचा पाला घालायचा तर सावलीत कुरकुरीत वाळवूनच. हिरवा पाला घातला तर आपणच डब्यात पाणी घालत असतो.

धान्यात पाऱ्याच्या गोळ्या घालू नका. पारा विषारी आहे आणि तो खायच्या धान्यात जायचं काही कारण नाही. गोदामात वापरतात त्या ॲल्युमिनियम फॉस्फाइडच्या गोळ्या तर घरात आणूच नयेत. हवेतल्या दमटपणाने त्यांतून फॉस्फिन वायू सुटतो आणि त्याने माणसं दगावतात.

रवा, बेसन, मैदा थोडाच असेल तर चार दिवस फ्रीजरमध्ये ठेवला की अंडी मरतात. पण बाहेर काढल्यावर पिशवी लगेच फोडू नका. ती खोलीइतकी कोमट होईपर्यंत बंदच राहू दे, नाहीतर दवबिंदूचा हिशेब आतल्या रव्यावर चुकता होतो.

शेंगदाण्यांना बुरशी दिसली तर खराब दाणे निवडून बाकीचे भाजून कुटात ढकलू नका. बुरशीचं अफलाटॉक्सिन हे विष भाजून पुरतं जात नाही. कुबट, कडवट दाणे सरळ टाकायचे.

लोणच्यात मीठ कमी, तेल कमी

जुलैत लोणच्यावर पांढरा तवंग येतो त्याची तीनच कारणं असतात: फोडीवरचं पाणी, अपुरं मीठ, किंवा तेलाबाहेर राहिलेली फोड. कैऱ्या धुवायच्या त्या अख्ख्या असताना. पुसून, चिरून, फोडी पंख्याखाली दोन-तीन तास सुकवा. १ किलो फोडींना १८० ते २०० ग्रॅम मीठ, १०० ग्रॅम मोहरीची डाळ, ७५ ते १०० ग्रॅम तिखट आणि ३०० मिली तेल हे साधारण प्रमाण. तेल धुरावेपर्यंत तापवून पूर्ण गार करा आणि मगच घाला. तापल्या तेलात मोहरी कडवट होते आणि फोडही मऊ पडते.

रक्तदाबामुळे मीठ कमी करायचं असेल तर ते वर्षाचं लोणचं राहत नाही. अर्धा किलोचं करा, फ्रिजमध्ये ठेवा, महिन्याभरात संपवा. वर्षाच्या बरणीत फोडींवर एक बोट तेल हवंच. आठवड्याने फोडी तेल पितात आणि पातळी खाली जाते, तेव्हा पुन्हा तापवून गार केलेलं तेल ओता. बरणीच्या तोंडाला दादरा (फडकं) बांधा, पण रोजच्या जेवणाला मोठी बरणी उघडू नका, पंधरा दिवसांचं लोणचं छोट्या बरणीत काढून घ्या. हिरवी-काळी लव दिसली तर वरचं काढून खालचं वाचवायचा मोह सोडा.

रोजच्या डब्यांचं एवढंच: मसाल्याचा किंवा मिठाचा डबा उकळत्या आमटीवर धरून चमचा झटकू नका, वाफ सरळ डब्यात जाते. मिठात चिमूटभर भाजलेले तांदूळ घालण्याची युक्ती आजही चालते.

ओल कसली हे न पाहताच रंग, पुट्टी

भिंतीवर डाग दिसला की लोक थेट रंगाऱ्याला बोलावतात. त्याआधी फुकटची एक परीक्षा करा. डागाच्या जागी साधारण फूटभर लांब-रुंद पारदर्शक प्लॅस्टिक चारही बाजूंनी चिकटपट्टीने पक्कं बसवा आणि २४ तासांनी पाहा. थेंब आतल्या, भिंतीकडच्या बाजूला असतील तर पाणी भिंतीतून येतंय. वरच्या मजल्याची मोरी, फुटका पाइप, बाहेरची भेग किंवा खिडकीच्या चौकटीखालची फट शोधा. थेंब बाहेरच्या बाजूला असतील तर भिंत थंड आहे आणि खोलीतली हवा दमट. त्याला वॉटरप्रूफिंगचा उपयोग शून्य.

डागाच्या कडेने पेन्सिलने रेघ मारून तारीख लिहा. पाऊस नसतानाही डाग वाढत असेल तर संशय नळाच्या पाण्यावर घ्यायचा. पावसाच्या सरीबरोबर वाढत असेल तर बाहेरच्या भिंतीवर.

ओल्या भिंतीवर पुट्टी लावली की एकतर फुगे येतात, नाहीतर लोणा लागून पांढरी भुकटी सुटते. बाहेरच्या भेगा आणि गच्चीचं काम एप्रिल-मेमध्येच व्हायला हवं. बहुतेक कोटिंगना पृष्ठभाग कोरडा लागतो, आणि पावसातल्या दोन दिवसांच्या उघडिपीत स्लॅब वरून वाळल्यासारखा दिसला तरी आत ओलाच असतो. भेगेवर नुसता ब्रश फिरवून भागत नाही. ती इंग्रजी व्हीच्या आकारात खोदून, धूळ झाडून, भरावी लागते. काम झाल्यावर गच्चीची पाणी जायची भोकं तात्पुरती बुजवून दोन-तीन इंच पाणी ४८ तास साठवून बघा आणि मगच ठेकेदाराचा शेवटचा हप्ता द्या. बऱ्याच गच्च्यांची गळती तर चुन्यात, सिमेंटमध्ये नसतेच. पन्हळीच्या जाळीवर वाळका पाला, पिशवी, एखादी चप्पल अडकलेली असते. जूनच्या आधी आणि पहिल्या मोठ्या सरीनंतर, दोनदा जाऊन बघा.

भिंतीवरची बुरशी कोरड्या झाडूने झाडू नका, बीजाणू खोलीभर पसरतात. तोंडाला मास्क, हातात मोजे, खिडक्या उघड्या. टाइल्सवर ४ लिटर पाण्यात एक कप ब्लीच घालून त्याने पुसा. त्यात किंवा त्याच्या मागोमाग टॉयलेट क्लीनर, ॲसिड, व्हिनेगर वापरू नका, क्लोरीन वायू सुटतो.

एसी १८ वर आणि शेजारच्या खोलीत बुरशी

ही चूक क्वचितच कुणाच्या लक्षात येते. बेडरूममध्ये रात्रभर एसी १८ अंशांवर असतो आणि मधली पातळ भिंत आरपार थंड पडते. पलीकडे हॉलची दमट हवा. भिंत दवबिंदूच्या खाली गेली की हॉलच्या बाजूला घाम फुटतो, आणि तिथे फ्रेम, सोफा किंवा पुस्तकांचं कपाट टेकून ठेवलेलं असेल तर त्याच्या मागे महिनाभरात काळे ठिपके. गळती शोधत सगळी बिल्डिंग पालथी घातली तरी ती सापडत नाही, कारण गळती नसतेच.

पावसाळ्यात एसी २६ वर ठेवा, किंवा ड्राय मोडवर, सोबत पंखा. आपल्याला त्रास तापमानापेक्षा दमटपणाचा होत असतो. एसी चालू असताना खिडकी "जरा हवा येऊ दे" म्हणून उघडी ठेवणं म्हणजे पैसे देऊन भिंत ओली करणं. आणि एसी नसलेल्या खोल्यांत उलट: पाऊस येतोय म्हणून सगळं घर दिवसभर बंद ठेवतात आणि स्वयंपाकाची, आंघोळीची, वाळत्या कपड्यांची वाफ आतच कोंडते. सर ओसरली की समोरासमोरच्या खिडक्या उघडा. शिजवताना झाकण आणि चिमणी, आंघोळीनंतर अर्धा तास एक्झॉस्ट.

कपडे वाळत नाहीत

मशीनमधून काढलेल्या ६ किलो कपड्यांत फिरकीनंतरही तीनेक लिटर पाणी असतं. खोटं वाटत असेल तर धुण्याआधी आणि नंतर वजन करा. ते सगळं पाणी खोलीच्या हवेत जाणार. म्हणून एक जादा स्पिन पंख्याच्या चार तासांपेक्षा स्वस्त पडतो. दोरीवर कपड्यांत चार बोटं अंतर ठेवा, जाड कॉलर आणि खिसे उलटे करा, पंखा वरून नको, बाजूने. कपडा पाच-सहा तासांत वाळला नाही तर वास धरतो, आणि तो वास सुगंधी कंडिशनरने जात नाही. जादा साबण आणि कंडिशनरचा थर उलट टॉवेलचं शोषणच कमी करतो. वास धरलेले सुती कपडे ६० अंशांच्या पाण्यात पुन्हा धुवा. मशीनचं दार आणि साबणाचा कप्पा उघडा ठेवा, रबरात काळं धरतं ते बंद दारामुळेच.

इस्त्री करून गरम कपडा लगेच कपाटात ठेवू नका. अर्धा तास हँगरवर.

कपाट भिंतीपासून चार बोटं पुढे ओढा, विशेषतः बाहेरच्या भिंतीचं. डांबरगोळ्या वासाने कुबटपणा झाकतात, ओल शोषत नाहीत. तान्ह्या बाळाच्या कपड्यांत त्या घालूच नयेत. जी-६-पीडी या रक्तपेशींना जपणाऱ्या एन्झाइमची कमतरता असलेल्या बाळाच्या रक्तपेशी त्यांच्यामुळे फुटू शकतात. पैठणी आणि जरीच्या साड्या प्लॅस्टिकमधून काढून धुतलेल्या मलमलीत गुंडाळा, घड्या बदला. ओल शोषणारे कॅल्शियम क्लोराइडचे डबे बंद कपाटातच उपयोगी पडतात, त्यात जमणारं पाणी चामड्यावर किंवा धातूवर सांडू देऊ नका. रंगीत सिलिका जेल रंग बदललं की ओव्हनमध्ये ११०-१२० अंशांवर तास-दोन तास ठेवून पुन्हा वापरता येतं.

कूलर तसाच पडून

नागपूर, अकोला, चंद्रपूरकडे मे संपेपर्यंत कूलरला पर्याय नसतो. पण पाऊस सुरू झाल्यावर तो चालू ठेवणं निरर्थक आहे. हवा आधीच ओली असल्याने पाणी उडत नाही आणि खोली गार न होता फक्त चिकट होते. नुसता प्लग काढून कोपऱ्यात सरकवणं ही पुढची चूक. डेंग्यूचा डास टाकीच्या कडेला पाण्याच्या रेषेवर अंडी चिकटवतो आणि ती कोरडी पडली तरी महिनोन्महिने तग धरतात. टाकी नुसती उपसू नका, आतून ब्रशने घासा. गवत काढून टाका, पंप सोडवून वाळवा. पुढच्या वर्षी लावताना पंपाची वायर आणि अर्थिंग तपासूनच.

ऑक्टोबरचं ऊन वाया घालवणं

पावसाळा गेला म्हणून लोक दिवाळीच्या साफसफाईची वाट बघतात. परतीचा पाऊस थांबल्यावरचे पहिले आठ-दहा कोरडे दिवस सगळ्यांत मोलाचे. कपाटं पूर्ण रिकामी करून दारं उघडी टाका, मागची भिंत बघा. छत्र्या उघडून, रेनकोट उलटे करून वाळवा. घडीत ओलावा राहिला तर पुढच्या जूनपर्यंत रेनकोटचा आतला थर चिकटून सोलवटतो. चामड्याच्या चपला-बूट मात्र सावलीत, उन्हात कातडं तडकतं. गाद्या आणि रजया सकाळी दहाला गच्चीवर टाका, दुपारी एकदा उलटा आणि चारच्या आत खाली आणा. ऑक्टोबरच्या अखेरीस संध्याकाळी दव पडायला लागतं आणि दिवसभर वाळलेला कापूस तासाभरात ते पिऊन घेतो. आणल्यावर गाद्यांची चळत रचू नका, रात्री पंख्याखाली मोकळ्या ठेवा.