मुलांच्या थेरपीवरील संशोधन : कुटुंबांना विचारताना या चुका टाळा

बेळगाव, खानापूर, निपाणी भागात मुलांच्या स्पीच थेरपीवर किंवा वर्तनोपचारावर अभ्यास सुरू झाला आणि पुरेशी कुटुंबे मिळाली नाहीत, की ‘पालकच तयार होत नाहीत’ असे चटकन म्हटले जाते. प्रत्यक्षात पुष्कळदा पालकांना विचारलेलेच नसते. या घरावर आधीच ताण आहे, त्या आईला फॉर्म वाचता येणार नाही, ही माणसे फार लांबून येतात, असा विचार करत थेरपिस्ट मनातल्या मनात नावे गाळत जातात. त्यामागे काळजी असते हे खरे. पण निर्णय कुटुंबाचा असताना तो दुसऱ्यानेच घेतलेला असतो. अभ्यासाच्या अटींत बसणाऱ्या प्रत्येक कुटुंबाला विचारावे आणि कोणाला विचारले नाही, का विचारले नाही, याची नोंद ठेवावी.

उलट, फार लवकर मिळालेल्या होकारावरही विसंबू नये. ‘मॅडम, तुम्ही म्हणाल तिथं सही करतो,’ असे म्हणणाऱ्या बापाच्या मनात, नाही म्हटले तर पोराचे उपचार थांबतील, ही भीती असू शकते. म्हणून उपचार करणाऱ्याने अभ्यासाचा फक्त उल्लेख करावा, सविस्तर माहिती दुसऱ्या कोणी द्यावी आणि माहितीपत्रक घरी नेऊ द्यावे. मुलाला घेऊन आई येत असली, तरी होकार की नकार हे बऱ्याचदा घरी बोलून ठरते. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या (आयसीएमआर) 2017 च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार पालकांच्या संमतीबरोबर 7 ते 12 वर्षांच्या मुलाचा तोंडी आणि त्यापुढे 18 पर्यंत लेखी होकार घ्यायचा असतो. घाईत हीच पायरी सुटते.

सीमाभागात भाषेची चूक सर्वांत महागात पडते. माहितीपत्रक मराठीत करून भागत नाही, मोजमापाची चाचणीही तपासावी लागते. घरी मराठी बोलणाऱ्या मुलाने कन्नड चाचणीतले चित्र बरोबर ओळखून त्याचे नाव मराठीत सांगितले आणि त्याला शून्य गुण दिला, तर थेरपीचा परिणाम न मोजता भाषेचा फरकच मोजला जातो, आणि पालकांचा विश्वास उडतो तो वेगळाच.

कोणते मूल कोणत्या उपचाराच्या गटात जाणार हे चिठ्ठीने ठरणार असेल, तर कोणता उपचार सरस हे अजून ठाऊक नसल्यामुळेच चिठ्ठी काढली जाते, हे पालकांइतकेच थेरपिस्टलाही पटलेले असावे. ते पटले नसेल, तर दयेपोटी एखादे मूल हळूच दुसऱ्या गटात घातले जाते आणि तुलनाच बिघडते. प्रतीक्षा गटातल्यांना, म्हणजे ज्यांचे उपचार नंतर सुरू होणार त्यांना, ते केव्हा मिळतील, ते आधीच सांगावे.

मध्येच गळती सुरू झाली, तर आधी वेळापत्रक पाहावे. खानापुरात भातलावणीच्या दिवसांत दुपारची वेळ कोणालाच जमणार नाही. बसचे भाडे द्यावे. मात्र रक्कम एवढी मोठी नसावी की तिच्यासाठीच सही व्हावी. सत्राचे चित्रीकरण होणार असेल, तर ते कोण पाहणार आणि केव्हा पुसले जाणार, हे पालकांना लेखी द्यावे. थेरपिस्टलाही हेच लेखी द्यावे, कारण कॅमेऱ्यासमोर आपले काम तपासले जाईल, या धास्तीने त्यांचाही हात आखडतो.